इंजिनमधून ठकठक येतेय? खोलायच्या आधी एवढं तपासा

इंजिनमधून ठकठक सुरू झाली की बरेच जण बोनेट उघडून ॲक्सिलरेटर दाबून दाबून आवाज ऐकत बसतात, आणि नेमकं तेच करू नका. बेअरिंग गेलं असेल तर अशा रेझ करण्यानेच क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) चरे पडतात. आधी इंजिन बंद करा, गाडी सपाट जागेवर घ्या, पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेल, मग डिपस्टिक काढून, पुसून, परत घालून बघा. बऱ्याच गाड्यांमध्ये दोन खुणांच्या मधे साधारण एक लिटर ऑइल मावतं, म्हणजे लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली दिसली तर एक लिटरपेक्षा जास्तच कमी आहे असं समजा आणि भरल्याशिवाय परत सुरू करू नका. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालंय, ते बदलायलाच हवं. ऑइलचा लाल दिवा चालू इंजिनवर पेटत असेल तर मात्र गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करून न्या.

ऑइल ठीक आहे? मग आता आवाज कसा येतो यापेक्षा केव्हा येतो ते बघा, कारण ठकठक, खडखड, टणटण हे प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं पण वेळ कधी फसवत नाही. थंड असताना येतो की गरम झाल्यावर, लोडवर (इंजिन गाडी ओढत असताना) येतो की न्यूट्रलमध्येही, ॲक्सिलरेटर दाबताना की सोडताना. एवढं नीट सांगता आलं तर अर्धं निदान झालंच.

चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला ॲक्सिलरेटर दाबला की टणटण येते आणि उभ्या गाडीत रेझ केल्यावर येत नाही, तर ते बहुतेक पेट्रोलचं नॉकिंग. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, त्याचा तो आवाज. एक गिअर खाली टाका, लगेच कमी झाला तर दिशा बरोबर आहे. मग मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ऑक्टेनचंच पेट्रोल भरा, कूलंट बघा कारण गरम इंजिन जास्त नॉक करतं, प्लग योग्य नंबरचा आहे का बघा, आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३२५ कोड आला तर नॉक सेन्सरच्या (हा आवाज ओळखणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये गडबड आहे, वायर आणि कनेक्टर आधी तपासा, सेन्सर नंतर. तरीही जात नसेल तर पिस्टनवर साठलेला कार्बन, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) किंवा कुठेतरी हवा ओढल्यामुळे लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं मिश्रण, या तीन गोष्टी राहतात. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या छोट्या टर्बो इंजिनांना कमी आरपीएमला जोरात दाबलं की वेळेआधी पेटण्याचा वेगळाच त्रास असतो, त्यासाठी मॅन्युअल परवानगी देत असेल तर एपीआय एसपी दर्जाचं ऑइल वापरा आणि कमी आरपीएमला वरचा गिअर ओढू नका.

न्यूट्रलमध्येही आवाज येतोय आणि आरपीएमबरोबर त्याची चाल वाढते, तर मामला यांत्रिक आहे. इथे एक हिशोब फार कामाला येतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला क्रँकचे सेकंदाला तेरा-एक फेरे होतात आणि एखाद्या टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या भागाची) टकटक सेकंदाला सहा-सातच. मंद, हलकी टकटक वरून, व्हॉल्व्ह कव्हरकडून येत असेल तर टॅपेट किंवा लिफ्टर, तिथे घाबरायचं कारण कमी. सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबते तेव्हा टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बघा, ते मात्र टाळू नका. थंड असताना पोकळ ठकठक आणि गरम झाल्यावर गायब, तर पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला आपटतोय. अशी गाडी बऱ्याचदा पुढे बरीच चालते.

आता खरी भीती ज्याची, ते रॉड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं. हे उलट वागतं, गरम झाल्यावर वाढतं कारण ऑइल पातळ होतं. खालून जड ठोका येतो, आरपीएम दोन हजाराच्या आसपास नेऊन ॲक्सिलरेटर सोडला की त्या क्षणी जास्त स्पष्ट ऐकू येतो. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. खात्री करायला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंद काढा. ज्याचा काढल्यावर ठोका कमी होतो तोच सिलिंडर (पिस्टनचा आवाजही असाच कमी होतो, पण तो थंड असताना येतो हे लक्षात ठेवा). प्लगला ठिणगी देणारी कॉइल काढून हीच टेस्ट करतात, पण मग न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, म्हणून इंजेक्टरच बरा. कुठलाच सिलिंडर बंद करून फारसा फरक पडत नाही आणि लोडवर खूप खोल धडधड येते, तर मेन बेअरिंगचा (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो त्याचा) संशय घ्या. डिझेल असेल तर इंजेक्टरचे प्रेशर पाइप कधीही सैल करू नका, कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो आणि ती धार कातडीत घुसते, तिथे स्कॅनरमधूनच सिलिंडर बंद करायचे.

रॉडचा निकाल लावण्याआधी बाहेरचे भाग तपासा, कारण नकली ठोके खूप असतात. बाहेरचा बेल्ट (टायमिंग बेल्ट नव्हे) काढून जेमतेम मिनिटभर इंजिन चालवा, आवाज गेला तर अल्टरनेटर, एसी कंप्रेसर, वॉटर पंप नाहीतर एखादी पुली. ऑटोमॅटिक गाडीत तडकलेली फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि गिअरबॉक्सला जोडणारी तबकडी) किंवा तिच्यावरच्या टॉर्क कन्व्हर्टरचे सैल बोल्ट तर हुबेहूब रॉडसारखे वाजतात, ते न बघता इंजिन खोललं की सगळा खर्च वाया. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची लीक इंजिन थंड असताना टकटक करते आणि धातू गरम होऊन फुगला की थांबते. जागा शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घ्या किंवा लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाजवळ धरून टोक ब्लॉकला टेकवा, फक्त बाह्या, केस, ओढणी फॅन आणि बेल्टपासून लांब.

बेअरिंगचा संशय पक्का झाला तर दोन पुरावे मिळवा. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनवर दाब मोजा. १००० आरपीएमला १० पीएसआय असा जुना अंदाज आहे, पण आकडा मॅन्युअलचाच धरा. दुसरं, ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, न चिकटणारी तांब्यासारखी चमक दिसली तर बेअरिंगचे थर निघालेत.

मग जाड ऑइल ओतून आवाज दाबायचा प्रयत्न करू नका, झीज थांबत नाही, फक्त ऐकू येत नाही. गाडी उभीच ठेवा आणि मेकॅनिकला सांगा की हेड नंतर, आधी खालचं चेंबर उतरवून त्या सिलिंडरची रॉड कॅप खोल. शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल वाट्या) खराब पण क्रँक गुळगुळीत आणि मापात असेल तर नव्या शेलवर भागू शकतं, चरे पडले असतील तर क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज, म्हणजे बारीक झालेल्या क्रँकसाठीचे जाड शेल घालावे लागतील, आणि त्याच वेळी ऑइल पंप आणि पिकअपची (चेंबरमधून ऑइल ओढणाऱ्या नळीची) जाळी साफ आहे का हेही बघून घ्या, नाहीतर नवे शेलही तसेच जातील.