‘एअर’ दिसलं की हवा लिहू नका

अनुवादाच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. व्याकरण येतं, शब्दकोश बघता येतो, असं धरून चालते. मी जिथे अडकले ती एकच जागा दाखवायची आहे.

काम सुरू करून चार महिने झाले होते. चाकणजवळच्या एका कारखान्याची कामगारांसाठीची नोटीस मराठीत करायला आली. पेंट शॉपमधले कामगार आणि सुपरवायझर यांच्यात धुसफूस होती, म्हणून व्यवस्थापनाने ‘टु क्लिअर द एअर’ बैठक ठेवली होती. मी लिहिलं, ‘हवा स्वच्छ करण्यासाठी शुक्रवारी बैठक’. मला काहीच खटकलं नाही. थिनरच्या वासाने डोकं धरतं, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार. बंद पडलेल्या एक्झॉस्ट पंख्यांची यादी करून माणसं बैठकीला आली आणि विषय निघाला शिवीगाळीचा. एकाने ती यादी घडी घालून परत खिशात ठेवली, असं मला नंतर कळलं. त्या घडीची आठवण आजही टोचते.

तिथे साधं ‘गैरसमज दूर करण्यासाठी’ हवं होतं. कथा-कादंबरीत ‘मळभ दूर झालं’ शोभेल, नोटिशीत नाही.

नीट लक्ष द्या. माझं वाक्य विचित्र दिसलं असतं तर कुणीतरी हटकलं असतं. ते बरोबर दिसत होतं, म्हणून तसंच फलकावर लागलं. शब्दशः अनुवादातली हास्यास्पद वाक्यं सापडतात; अर्थ लागणारी सापडत नाहीत. ‘अप इन द एअर’ घ्या. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, अधांतरी आहे. तुम्ही लिहाल ‘हवेत आहे’. पण ‘बढती मिळाल्यापासून साहेब हवेत आहेत’ असं आपण म्हणतो तेव्हा साहेबांचं काही ठरायचं राहिलेलं नसतं! आपल्या हवेत गर्व आहे, त्यांच्या हवेत अनिश्चितता. ‘त्याच्या बदलीचं अप इन द एअर आहे’ या वाक्यात ‘हवेत’ घातलंत तर एका माणसाची बदनामी होईल.

इंग्रजीत गर्वही आहे, पण ‘पुटिंग ऑन एअर्स’मध्ये. ते तोरा मिरवणं. तिथला ‘एअर’ म्हणजे ढब, चालरीत. तो अर्थ फ्रेंचमधून आला. आणि ‘लंडनडेरी एअर’मध्ये तो चक्क सूर आहे. आयर्लंडची ही जुनी चाल जॉर्ज पेट्री यांच्या संग्रहात 1855 साली छापली गेली. इटालियन ‘आरिया’लाही हवा आणि गीत असे दोन्ही अर्थ आहेत.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतले ‘वाक्प्रचार आणि अर्थ’ असे तक्ते पाठ करू नका. माझं स्पष्ट मत आहे, त्यांनी नुकसानच होतं. नुसत्या लाल खुणा करून कागद परत देणाऱ्या गुरूंकडूनही फार मिळत नाही. मला उपयोगी पडल्या त्या आमच्या एक ज्येष्ठ बाई. त्या इंग्रजी मूळ बाजूला ठेवायच्या, फक्त मराठी वाचायच्या आणि विचारायच्या, ‘हे वाचून मी आता काय करू?’ ती नोटीस त्यांच्याकडे गेली असती तर त्या म्हणाल्या असत्या, ‘पंख्यांची तक्रार घेऊन येऊ?’ असा एक माणूस शोधा. घरातला चालेल.

घाबरून जाऊ नका. ‘कॅसल्स इन द एअर’ला आपले हवेतले इमले बिनधोक चालतात. ‘हॉट एअर’साठी तर तोंडाची वाफ दवडणं आहेच. ‘ऑन एअर’ रेडिओवाले तसंच म्हणतात, राहू द्या.

‘इंटु थिन एअर’वर मात्र मी बरेच दिवस घालवले. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’च्या चौथ्या अंकात प्रॉस्पेरो म्हणतो, ते सगळे आत्मे हवेत, विरळ हवेत विरघळले. तिथून ‘नाहीसं होणं’ हा अर्थ रुळला. पुढे जॉन क्राकाउअर यांनी 1996च्या एव्हरेस्टवरच्या दुर्घटनेवर 1997 साली पुस्तक लिहिलं, त्याचं नावही हेच. 8,848 मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू मिळतो. म्हणजे त्या नावात उंचीही आहे आणि परत न आलेली माणसंही. ‘विरळ हवेत’ लिहिलं तर माणसं सुटतात, ‘हवेत विरून’ लिहिलं तर उंची सुटते. एका रात्री दोन्ही कागदावर खाली-वर लिहिली, तेव्हा दिसलं की विरळ आणि विरणं आपल्याकडे शेजारी शेजारीच उभे आहेत. ‘विरळ हवेत विरून’. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.