कॉन्टेसातलं इसुझू खरं आहे का, ते कसं पाहावं

जुन्या गाड्यांच्या धंद्यात नव्यानं उतरलेल्या पोरांनो, कॉन्टेसाच्या डिकीवरच्या ‘1.8’ च्या, म्हणजे इसुझू इंजिनाच्या, बिल्ल्यावर पैसे मोजू नका. बिल्ला कोणीही लावतो.

1984 मध्ये हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आली ती ॲम्बेसेडरचंच 1489 सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन घेऊन. ताकद जेमतेम 50 अश्वशक्ती. पुढे इसुझू या जपानी कंपनीचं 1817 सीसीचं आलं, ताकद 80 च्या वर गेली. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देतं ते या इसुझूचे.

आता खरा खड्डा. ‘आरसी बुकाशी इंजिन नंबर जुळला की झालं’, असं सांगणारे उस्ताद आर्वीपासून दारव्ह्यापर्यंत भेटतील. माझे पैसे याच वाक्यानं बुडवले, म्हणून जरा लांबवतो. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 वर. रेडिएटरकडे लक्ष नसलं की इसुझूचं ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकायचं. त्याचे पार्ट मिळवता मिळवता मालक टेकीला यायचा, आणि ॲम्बेसेडरचं इंजिन तर कोणत्याही तालुक्यात पडलेलं. मग तेच बसवायचं अन् आरटीओत रीतसर नोंद करून घ्यायची. यात चोरी कोणाचीच नाही. पण आज नंबर बरोब्बर जुळतो, कारण बुकात चढलाय तोच मुळी या दुसऱ्या इंजिनाचा. म्हणून नंबरासोबत सीसीचा रकाना वाचा. तिथं 1489 असेल तर वादच मिटला. 1817 असलं तरी हुरळू नका. नंबर बदलताना तो रकाना तसाच राहिलेला असू शकतो. आणि नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा, ताजा रंग किंवा तिरके आकडे दिसले तर चहा प्या अन् निघा.

घाबरण्यासारखं मात्र काही नाही. बॉनेट उघडून पाच मिनिटं डोळ्यांनी पाहिलं तरी पुरतं, त्यासाठी व्हिडिओ नको अन् उस्तादही नको. हेडवरचं झाकण (टॅपेट कव्हर) मधोमध दोनच नटांवर बसलंय, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यांच्या खाली ब्लॉकला पत्र्याची दोन झाकणं: हे पुशरॉडवालं बीएमसी. त्यात व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असते, इसुझूची वर हेडमध्येच असते. टॅपेट कव्हर काढलं की कॅम समोर दिसतो. हेड उतरवायची वेळ आलीच तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. इसुझूचा 84 मिलिमीटर, बीएमसीचा 73. रीबोअर कितीही केला तरी एवढा फरक भरून निघत नाही. इंजिन ज्यांवर बसतं त्या फाउंडेशनच्या पट्ट्यांवर हातानं केलेलं वेल्डिंग दिसलं तर इंजिन कधीतरी बदललंय, हे धरून चाला. डिझेल करून घेतलेल्या गाड्या आवाजावरूनच कळतात, त्यात वेळ घालवू नका.

बीएमसी निघालं म्हणून गाडी टाकूनही देऊ नका. इंजिन टिकाऊ आहे, मिस्त्री गावोगाव आहेत. फक्त 1.5 च्या भावात मागा.

आणि कव्हर उघडायला जाताना नवी पॅकिंग सोबत न्या. जुनी फाटली की मालक तेलाच्या गळतीचा सगळा खर्च तुमच्याच नावावर लिहितो.