अभयारण्य खरंच काम करतंय का, हे कसं तपासायचं? (नान्नजच्या माळावरून)

अभयारण्याचं नाव निघालं की लोक आधी क्षेत्रफळ सांगतात. आमच्या सोलापूरकडचं नान्नजचं अभयारण्य माळढोकसाठी, म्हणजे माळरानावरच्या त्या मोठ्या जड पक्ष्यासाठी केलेलं, ते १९७९ ला जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर नि नगर मिळून, म्हणजे त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. माळढोकच्या खऱ्या कामाचं राखलेलं गवत मात्र तुकड्यातुकड्यांत. म्हणून नकाशा बाजूला ठेवा आणि ज्या जिवासाठी ते केलं तो आज किती उरलाय, पिल्लं दिसतायत का, हे आधी बघा. माळढोकची मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे दोनचार वर्षं पिल्लू दिसलं नाही तर काळजीचं आहे, मोठे पक्षी दिसत असले तरी.

आता मोजणी. एका वर्षाच्या आकड्यावर काहीच ठरवू नका, पाऊस चांगला झाला की सगळं छान दिसतं आणि दुष्काळात सगळं ओसाड. तीच पायवाट, तोच महिना, तीच सकाळची वेळ, आणि काहीच दिसलं नाही तर वहीत शून्य लिहायचं. हे शून्य फार महत्त्वाचं, लोक तेच लिहीत नाहीत आणि मग दहा वर्षांनी कळतच नाही की पक्षी नव्हता की कोणी गेलंच नव्हतं. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकत असाल तर दिसलेले सगळे पक्षी टाका, फक्त भारीभारी नको.

काळविटांचे कळप बघून हुरळून जाऊ नका. मध्य प्रदेशातल्या करेराला काळवीट वाढले आणि ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोकच गेला. एकाच प्राण्यावर विसंबण्यापेक्षा चंडोल, धाविक हे माळावरचे पक्षी, खोकड, लांडगा, हिवाळ्यात येणारे भोवत्ये (शिकारी पक्षी) अशी पाचसहा नावं धरा आणि दरवर्षी तीच बघा.

मग खाली बघा, अगदी पायाशी. चालून आल्यावर सॉक्समध्ये कुसळं अडकली का? पवन्या, मारवेल अशी माळाची गवतं आहेत की नुसतं गाजरगवत? माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावून हिरवं केलेलं मला बघवत नाही, कारण माळढोकला लांबवर मोकळं दिसायला लागतं, झाडी वाढली की त्याचं घरच गेलं.

हद्दीबाहेरही तशीच मोजणी करा, पण मुरमाड माळाची तुलना मुरमाड माळाशीच, उसाच्या फडाशी नको, नाहीतर आतलं सगळं उगाच चांगलं वाटतं. विजेच्या तारा पण नोंदवा, माळढोक त्यांच्यावर आदळतो, एवढा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळताही येत नाही.

आणि मेंढपाळांशी बोला. साल विचारलं तर सांगता येत नाही, म्हणून मी विचारतो, किल्लारीच्या भूकंपाआधी माळढोक किती दिसायचे आणि नंतर किती? मग माणूस काठी टेकून बसतो आणि एकेक जागा दाखवत सांगायला लागतो, ते सगळं तिथल्या तिथे लिहून घ्या.