एफ७चं प्यादं सांभाळा: डावाच्या सुरुवातीच्या या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. या दोन महिन्यांत मालवणात आमच्या पडवीत रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जातो. परवा आठवीतला एक मुलगा काळे मोहरे घेऊन बसला आणि पंधरा मिनिटांत हरला. "काका, चुकला खंय?" त्याने विचारलं. प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही डाव पुन्हा मांडला. (घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच, त्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८.)

दोघांची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे. पांढऱ्याचा घोडा एफ३वर, काळ्याचा सी६वर. पांढऱ्याचा उंट सी४वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ६वर. मग पांढऱ्याचा घोडा जी५वर आला. आता काळ्याच्या एफ७च्या प्याद्यावर उंट आणि घोडा असा दुहेरी मारा, आणि त्या प्याद्याला जोर फक्त राजाचा.

मुलाने प्यादं डी५वर ढकलून उंटाची वाट अडवली, ते बरोबरच. पांढऱ्याने ते मारलं, आणि याने लगेच घोड्याने परत मारलं. चूक इथे झाली. पांढऱ्याने एफ७वर घोडा दिला, राजाने तो मारला, वजिराने एफ३वरून शह दिला. डी५चा घोडा वाचवायला राजाला ई६वर यावं लागलं. मधोमध उभा राजा सांभाळणं मुरलेल्या खेळाडूलाही जड जातं.

त्याऐवजी सी६चा घोडा ए५वर न्यावा, उंटावर मारा करत. उंटाने बी५वरून शह दिला तर प्यादं सी६. एक प्यादं जातं, पण आपले मोहरे भराभर बाहेर येतात. हे सगळं नको असेल तर तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी५वर काढा. मग जी५वर आलेला घोडा आपल्या वजिराला फुकट मिळतो.

दुसऱ्याच चालीला वजीर एच५वर आणणारेही भेटतात. त्याला हुसकायला लगेच प्यादं जी६ खेळू नका. तो ई५चं प्यादं शहासह मारतो आणि पुढे कोपऱ्यातला हत्तीही घेतो. आधी घोडा सी६, ई५ला जोर द्या. उंट सी४वर आला की मग जी६. वजीर एफ३वर गेला तर घोडा एफ६.

मोबाइलवर शिकलेल्या मुलांना आणखी एक सांगावं लागतं. स्पर्धेत कॅसलिंग (राजा हत्तीकडे दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवणं) करताना आधी राजा उचलायचा, आणि दोन्ही मोहरे एकाच हाताने हलवायचे. हत्तीला आधी हात लागला तर हत्तीचीच चाल करावी लागते.