१९८५८५५७६१८९ : बारा अंकी संख्येची झडती

मोठी संख्या दिसली की हात कॅल्क्युलेटरकडे जातो. त्याआधी नुसते अंक बघा. शेवटी ९, म्हणजे विषम. अंकांची बेरीज ७२, म्हणजे ९ ने भाग जाणारच. ७२ ने जाणार नाही, कारण ७२ सम आहे आणि ही संख्या विषम. त्यामुळे देवळालीच्या द. रा. कापरेकरांच्या हर्षद संख्यांत (आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या) हिला जागा नाही.

७, ११ आणि १३ एकदमच तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा: १८९ − ५७६ + ५८५ − १९८ = ०. शून्य आलं, तिघांनीही भाग जातो. लाख-कोटीचे स्वल्पविराम आधीच दिले असतील तर ते पुसा. त्या गटांवर ही युक्ती चालत नाही.

आता भागाकार. ९ ने भागल्यावर २२०६५०६४०२१. पुढे ७ ने भाग गेला म्हणून लगेच ११ कडे वळू नका, पुन्हा ७ नेच भागून बघा. ७, ११, १३ प्रत्येकी दोनदा जातात आणि उरतात २२०२१.

खरी मेख इथे आहे. २२०२१ मूळ संख्या धरली तर विभाजकांची बेरीज अशी: वर्गात आलेल्या प्रत्येक मूळ अवयवासाठी १ + अवयव + त्याचा वर्ग, म्हणजे १३, ५७, १३३, १८३, शेवटच्यासाठी २२०२२. या सगळ्यांचा गुणाकार ३९७१७११५२३७८, आपल्या बारा अंकी संख्येच्या बरोबर दुप्पट! म्हणजे विषम परिपूर्ण संख्या, जी आजवर कोणालाच सापडलेली नाही. फ्रेंच गणिती देकार्तने १६३८ मध्ये ही संख्या मांडली ती याच गमतीसाठी.

पण २२०२१ चं वर्गमूळ १४८ च्या जरा वर आहे, तेव्हा १४८ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायलाच हव्यात. १७ ने बाकी ६. १९ ने ११५९, आणि ११५९ = १९ × ६१. दुसऱ्याच प्रयत्नात बिंग फुटतं. पूर्ण अवयव:

३² × ७² × ११² × १३² × १९² × ६१

२२०२२ च्या जागी आता ३८१ × ६२ = २३६२२ येतात. खरी बेरीज ४२६०२७४७०७७८, दुपटीहून जास्त; म्हणून ही विपुल संख्या. विपुल संख्या बहुतेक सम असतात, विषमांत सर्वांत लहान ९४५. विभाजक किती? प्रत्येक घातात १ मिळवून गुणा: पाच वेळा ३, एकदा २, एकूण ४८६.

६१ एकटाच राहिल्यामुळे ही पूर्ण वर्ग नाही. तरी दोन वर्गांची बेरीज आहे, आणि ते वर्ग शोधायला शोधाशोध लागत नाही. बाकीच्या अवयवांचा गुणाकार ५७०५७ चा वर्ग, आणि ६१ = ५² + ६². ५७०५७ ला ५ ने आणि ६ ने गुणा: २८५२८५² + ३४२३४२².