ताकदीने स्कीइंग करता? मग स्कीच्या पोटात काय आहे ते आधी विचारा

पायांत जोर आणि वेगाची सवय असेल, तर ऑल-माउंटन स्की (डोंगरावरच्या सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर चालणारी) घेताना लाकडी गाभ्याच्या वर-खाली टायटनालचे पत्रे असलेलीच घ्या. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. कडक, खडबडीत बर्फावर वेगात वळताना हलक्या स्कीचं टोक थरथरतं आणि कडेची पकड सुटते. हे पत्रे ती थरथर जिरवतात. नॉर्डिका कंपनीची एन्फोर्सर १०० ही स्की याच बांधणीची. अशी स्की जड असते, असू द्या. तुम्हाला ते वजन पेलतं.

स्कीची मधली रुंदी मात्र कुठे स्कीइंग करता यावर ठरते. आल्प्समधल्या दाबून सपाट केलेल्या उतारांवर ८८ ते ९६ मिमी पुरे. गुलमर्गला गोंडोलाने (रोपवेने) अफरवट शिखराकडे जाऊन भुसभुशीत बर्फात उतरायचं असेल, तर १०० च्या पुढे जा, म्हणजे स्की बर्फात रुतत नाही.

लांबी आपल्या उंचीइतकी किंवा थोडी जास्त. हनुवटीपर्यंतची नवशिक्यांना ठीक.

आणि बूट मऊ असेल, तर इतकी ताठ स्की वाकवताच येत नाही. फ्लेक्स, म्हणजे बुटाच्या ताठपणाचा आकडा, १२० च्या आसपास हवा. पैसे मोजकेच असतील तर आधी बूट घ्या.