‘घरी लागलं’ म्हणू नका

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींना पहिलं काम बहुतेक वेळा पार्सलच्या वेअरहाउसात मिळतं. मलाही २०१४ साली तेच मिळालं. घरी आईला मी ‘लॉजिस्टिक्समध्ये आहे’ असं सांगायचे. एसआयएन (काम करायला लागणारा सरकारी नंबर) कसा काढायचा, कुठली बस पकडायची, हे कुठलाही रूममेट सांगेल. मला सांगायचंय ते पंधरा दिवसांनंतरचं. तोवर पाठ बोलायला लागलेली असते आणि लीड, म्हणजे टोळीचा मुकादम, तासातासाला येऊन स्क्रीनवरचा तुमचा रेट, म्हणजे तासाला किती पार्सलं हलवलीत तो आकडा, दाखवून जात असतो.

आधी ट्रेलर. दार वर गेलं की समोर छतापर्यंत खोक्यांची भिंत उभी असते, आणि रस्त्यातल्या ब्रेकांनी ती बऱ्याचदा दाराकडेच कललेली असते. नवा माणूस छातीच्या उंचीवरचं खोकं ओढतो, कारण ते हाताशी असतं. मग वरची चार त्याच्या अंगावर. दार उघडताना बाजूला उभं राहा, वरून सुरुवात करा, हात पोचत नसेल तर स्टूल मागा. खोक्यांवर किंवा रोलरवर चढू नका. उचलण्याआधी खोकं जरा ढकलून बघा. मोठं खोकं सहसा फसवत नाही, फसवतं ते छोटं, ज्यात कोणीतरी डंबेल मागवलेले असतात. पार्सलं वाहणारा कन्व्हेयरचा पट्टा जॅम झाला तर तो बंद करून कुलूप घातल्याशिवाय आत हात घालायचा नाही, मागे कितीही पार्सलं तुंबू देत.

एका माणसाने अमुक किलोच उचलावेत असा आकडा ऑन्टारिओच्या कायद्यात नाही. लीडला हे पक्कं ठाऊक असतं. पण अमेरिकेच्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र सगळं अनुकूल असतानाही २३ किलोपासूनच सुरू होतं. वाकलात, कमरेत वळलात, हात लांब केलात, मिनिटाला जास्त वेळा उचललंत, की प्रत्येक वेळी आकडा आणखी खाली येतो. ट्रेलरच्या तळाशी तर हे सगळंच एकदम करावं लागतं. म्हणून ‘दुसरा माणूस द्या’ म्हणताना अवघडायचं कारण नाही.

सुट्टीबद्दल थोडक्यात: सलग पाच तासांहून जास्त काम व्हायच्या आत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी मिळालीच पाहिजे. ‘ट्रक आलाय, नंतर घे’ ऐकून घेऊ नका.

आता रेट. ‘काम फार आहे, झेपत नाही’ म्हणालात तर उत्तर ठरलेलं असतं: बाकीच्यांना कसं झेपतं? (बाकीचे आयब्युप्रोफेनवर चालतात, पण ते असो.) तक्रार नेहमी धोक्याच्या भाषेत करा. ‘सात नंबरच्या दारावरची भिंत कललेली आहे, मी एकटी आहे, स्टूल नाही, खोकी डोक्यावर पडतील.’ ऑन्टारिओत असुरक्षित काम नाकारायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि तो एजन्सीच्या (वेअरहाउसला तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या) माणसालाही आहे, विद्यार्थ्यालाही आहे. वाक्य सरळ इंग्रजीत पाठ करून ठेवा: ‘आय ॲम रिफ्युझिंग अनसेफ वर्क.’ नुसतं ‘आय कान्ट’ म्हणालात तर तो आळस धरतात.

हे म्हटल्यावर निघून जायचं नाही. जवळच सुरक्षित जागी थांबायचं. सुपरवायझरने तुमच्यासमोर आणि कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीसमोर तपासणी करायची असते. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा समिती असावीच लागते, तिच्या सभासदांची नावं भिंतीवर लावलेली असतात. पहिल्याच दिवशी त्यांचा फोटो काढून ठेवा. तपासणीनंतरही धोका आहे असं सकारण वाटलं तर नकार कायम ठेवता येतो, मग कामगार मंत्रालयाच्या निरीक्षकाला कळवावं लागतं. मधल्या वेळात तेच काम दुसऱ्याला देणार असतील तर तुम्ही का नाकारलं हे त्याला सांगायचं त्यांच्यावर बंधन आहे. मी हे एकूण दोनदा केलं. दोन्ही वेळा निरीक्षकापर्यंत गोष्ट गेलीच नाही, दहा मिनिटांत स्टूल आलं. इतके दिवस ते स्टूल कुठे होतं, देव जाणे.

आता माझी चूक. २०१६च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या गर्दीत, माझ्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. लीड आपलाच, मराठी. मला बाजूला घेऊन म्हणाला, “हे बघ, दवाखान्यात जा, पण घरी पलंग सरकवताना लागलं म्हणून सांग. उगाच चौकशी लागेल, तुझ्या शिफ्ट जातील.” मी ऐकलं. आपला माणूस काळजीने सांगतोय असं वाटलं. पाच आठवडे पडून होते, पगार शून्य, फिजिओथेरपी खिशातून. नंतर खरं सांगायला गेले तर क्लिनिकच्या कागदावर माझ्याच तोंडचं ‘घरी’ लिहिलेलं.

कामावर लागलं तर ‘कामावर लागलं’ हेच सांगायचं. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात, सुपरवायझरला त्याच दिवशी आणि लेखी. डब्ल्यूएसआयबीचा (कामावरच्या दुखापतीची भरपाई देणाऱ्या ऑन्टारिओच्या विमा मंडळाचा) फॉर्म ६ तुम्ही स्वतः भरायचा असतो, मुदत सहा महिने, पण तितकं थांबता कशाला. मालकाचा फॉर्म ७ वेगळा. त्याने नाही भरला तरी तुमचा दावा अडत नाही. दावा मंजूर झाला तर हातात येणाऱ्या पगाराच्या ८५ टक्के मिळतात, उपचाराचा खर्चही. तुमचा व्हिसा कुठला आहे यावर ते ठरत नाही. एजन्सीमार्फत असाल तर तुमची मालक एजन्सी, हेही लक्षात ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवायला कायद्याने बंदी आहे, तक्रार लेबर रिलेशन्स बोर्डाकडे करता येते. पण एजन्सी काढून टाकत नाही, फक्त फोन करायचं थांबवते. म्हणून शिफ्टचे सगळे मेसेज जपून ठेवा. सुपरवायझर तोंडी काही बोलला तर घरी जाताना बसमध्येच त्याला मेसेज टाका: ‘आज तुम्ही मला असं सांगितलंत.’ १ जुलै २०२४ पासून ऑन्टारिओत अशा एजन्सीला परवाना लागतो, तो मंत्रालयाच्या साइटवर तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि रोखीचं काम. परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना कॉलेजबाहेर काम करायला आठवड्याला २४ तास ही मर्यादा आहे. वरचे तास रोखीत किंवा मित्राच्या एसआयएनवर करणारे पुष्कळ भेटतील, त्यातले काही तुम्हाला भित्रे म्हणून हसतीलही. पण अशा मुलांवर लीडचा फार जीव असतो. त्यांच्या अंगावर काहीही पडलं तरी ती तोंड उघडत नाहीत, आणि मग सगळ्यांचा रेट त्यांच्यावरून ठरतो.

मंत्रालयाच्या सुरक्षा केंद्राचा नंबर १-८७७-२०२-०००८. नाव न सांगताही बोलता येतं. तो लीडच्या नावाच्या वरच सेव्ह करा.